मागून हाक मारायची नाही

बत्तीस वर्षं मी रेशनिंगच्या ऑफिसात काउंटरवर काढली. लोकांवर खेकसायचाच पगार घेतला म्हणा ना! त्यामुळे माझी जीभ कशी आहे, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. आमचे हे, म्हणजे दशरथराव, गरीब माणूस. ते एवढंच म्हणतात, "अंबिका, जरा हळू." ते हळू मला आयुष्यात जमलं नाही आणि शेवटी ते भोवलं चंद्रावतीला. म्हणून तिची गोष्ट मलाच सांगायला हवी.

चंद्रावती माझी कोळीण. मीरा रोडला, सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर, एका बिल्डिंगच्या कंपाउंडला पाठ लावून बसते. उत्तनच्या बाजूच्या कोळीवाड्यातून यायचं, बसनं भाईंदर, तिथून पुढे टोपलीसकट रिक्षा, आणि वास येतो म्हणून कुरकुरणाऱ्या रिक्षावाल्याची रोज नव्यानं हजेरी घ्यायची. नवरा राघो होडीवर, ही टोपलीवर, आणि दोघांत मिळून एक मुलगी, भाविका. लालबागची खोली सोडून आम्ही पूनम सागरला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी हिच्यापुढे उभी राहिले. मी हलव्याला बोट लावलं, तर म्हणाली, "वैनी, त्यो नको. कालचा हाय. बोंबील घ्या." स्वतःचा माल शिळा आहे असं गिऱ्हाइकाला सांगणारी बाई मी तोवर बघितली नव्हती. त्यानंतर वीसेक वर्षं मी दुसरीकडे मासळी घेतली नाही.

पण नाक्यावर तिचं नाव झालं होतं ते तिच्या तोंडामुळे. बापरे, काय ते तोंड! मीरा रोडला दहा पावलं चाललात तर पाच भाषा कानावर पडतात, आणि चंद्रावती त्या पाचही भाषांत लाड करायची. बंगाली बाई लांबून दिसली की, "ए शोना, इलिश आयलाय!" केरळची नर्स ड्युटीवरून येताना दिसली की, "मोळे, इकडं ये." पंजाब्याच्या पोराला पुत्तर, तमिळ आजोबांच्या नातीला कन्नू, उत्तरेकडच्या सुनेला बिटिया, आणि नयानगरहून येणाऱ्या खालाला "मेरी जान". साठीची खाला पदराआड लाजायची हो! आणि दोन पापलेटं जास्त घेऊन जायची.

हे शब्द तिनं मुद्दाम गोळा केलेले. नवीन गिऱ्हाईक आलं की मासळी साफ करता करता विचारायची, "तुमच्यात लाडानं काय बोलतात?" माणसं आधी गोंधळायची, मग हसून सांगायची. सांगताना त्यांचा चेहरा बदलायचा. घरची कुणीतरी आठवायची असणार. मलाही तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, "आमच्यात लाडानं गाढवा म्हणतात. फारच प्रेम आलं तर मेल्या." ती कोयता बाजूला ठेवून हसली. पण मी काही खोटं नव्हते बोलले. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं आमच्या घरात कुणी म्हणालं, तर आधी कपाळाला हात लावून ताप बघतील.

तिच्या शेजारी लिंबू-कोथिंबीर घेऊन हंसाबेन बसते. गुजराती, मासळीकडे कधी ढुंकून बघणार नाही, पण चंद्रावतीची जिवाभावाची. ती एकदा म्हणाली, "सबका पूछती है, तेरे में क्या बोलते हैं वो तो बता." चंद्रावतीनं टोपलीवर पाणी शिंपडलं. मग म्हणाली, "हमारे में कुछ नहीं बोलता. हमारे में खाना वाढता है." आम्ही तिघी हसलो. मी मात्र घरी येऊन यांना सांगितलं की बाई खरं बोलली.

राघोला मी दोनतीनदाच पाहिलं. सावळा, शिडशिडीत, बोलणं नाहीच. लेक मात्र बापाच्या उलट. भाविका स्टेशनजवळच्या एका ऑफिसात फोनवर विमा विकते, दिवसभर इंग्रजी-हिंदी चालू. बापाला फोन केला की ठेवताना म्हणायची, "लव्ह यू पप्पा." आणि राघो काय म्हणायचा? "हां हां, ठेव. बॅटरी उतरतेय." चंद्रावती ही नक्कल इतकी हुबेहूब करायची की हंसाबेन डोळे पुसायची.

त्या नकलेवरूनच एकदा विषय निघाला. मी म्हटलं, "आणि तू काय म्हणतेस गं त्याला, होडीवर निघताना?"

"काय बोलायचं न्हाय," ती म्हणाली. "कोळ्याची बाय दर्यावर निघालेल्याला मागून हाक मारत न्हाय. कवा येशील इचारत न्हाय. आन त्यो पन मागं वळून बघत न्हाय. बघितलं तर दर्या ठेवून घेतो, असं आमची सासू बोलायची."

"मग तू काय करतेस?"

"उभी रवते. होडी खाडीच्या तोंडाशी जाईपरत. मंग टोपली उचलून इथं येते."

"त्याला माहितीये का तू उभी असतेस ते?"

"त्याला कसं ठाव असंल? त्यो काय वळून बघतो?"

"निदान हात तरी करत जा की!"

"शी!" तिनं मांदेली माझ्या पिशवीत अशी टाकली की पाणी उडालं. "हात काय करायचा? काल लगीन झालंय का आमचं?"

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. आपण शिकलेली माणसं ना! मी तर तिला सुनावलंही की मांजर आडवं जाणं आणि मागून हाक मारणं यातून एकदा बाहेर या. तिनं ऐकून घेतलं आणि वर दोन बोंबील जास्त टाकले.

गेल्या वर्षी मे महिन्यात राघोच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि बजावलं की जिभेखाली ठेवायची गोळी कायम खिशात हवी. राघोनं ती आपल्या जुन्या तंबाखूच्या डबीत ठेवली. तंबाखू सुटली, डबी राहिली. चंद्रावती रोज सकाळी त्याचा खिसा चाचपायची. पावसाळ्याची बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. आणि सप्टेंबरातल्या एका दिवसापासून नाक्यावरची चंद्रावतीची जागा रिकामी राहिली. हंसाबेननं सांगितलं, "उसका आदमी गया. नाव पे ही."

दीड महिन्यानं ती परत आली. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. टोपली तीच, पण मासळी वर्सोव्याकडच्या कुठल्यातरी होडीची. मी जवळ बसले. विचारायचीही गरज पडली नाही. भरलेली होती, तिनं सांगून टाकलं.

त्या दिवशी सकाळी आठची भरती होती. राघोनं शर्ट बदलला आणि डबी जुन्या शर्टात राहिली. हिच्या लक्षात आलं तोवर तो गल्लीच्या टोकाशी पोचला होता. पाठमोरा. वीस पावलांवर. हिनं दारात उभं राहून डबी मुठीत धरली आणि तोंड उघडलं नाही. मागून हाक मारायची नाही ना! मग तिला वाटलं, देवळामागच्या बोळातून पळावं, त्याच्या पुढं जावं आणि समोरून डबी द्यावी. समोरून दिलेलं चालतं. ती पळाली. साठीला टेकलेली बाई, सांध्यांत वात, ओल्या बोळातून अनवाणी पळाली. बंदरावर पोचली तेव्हा इंजिन सुरू झालं होतं, होडी निघाली होती आणि राघो सुकाणूवर, समुद्राकडे तोंड करून बसलेला.

"मंग हात वर केला, वैनी. डबीवाला. म्हटलं, कोनाचं तरी ध्यान जाईल. न्हाय गेलं."

"अगं, पण फोन?"

"फोन पन हाकच ना."

तासाभरानं तिला राहवलं नाही, फोन लावला. तोवर होडी रेंजच्या बाहेर गेली होती. साडेअकराला राघोच्या छातीत कळ आली. होडी वळवली, पण बंदराला लागेपर्यंत सगळं संपलेलं.

दुःख झालं की मला राग येतो, ही माझी जन्माची खोड. उचलली जीभ लावली टाळ्याला. चार गिऱ्हाइकं उभी असताना मी तिच्यावर ओरडले, "अगं मूर्ख बाई, दिवसभर इथे अख्ख्या मीरा रोडला हाका मारतेस! सतरा भाषांत जान आणि शोना करतेस! आणि स्वतःच्या नवऱ्याला एक हाक मारता आली नाही तुला? एक हाक मारली असतीस, तर माणूस वाचला असता!"

चंद्रावती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. खाली बघून तिनं माझी सुरमई कापली, पिशवीत घातली आणि पैसे घेतले. हंसाबेन मला म्हणाली, "बहोत गलत बोला आपने." मी तिच्यावरही डाफरले आणि घरी आले. ती सुरमई मी शिजवली, पण ताटात वाढून घेतली नाही.

त्या दिवसापासून चंद्रावतीनं नाक्यावर हाक मारणं सोडलं. बंगाली बाई समोर येऊन उभी राहिली तरी शोना नाही. नर्सला मोळे नाही. कुणी भाव विचारला तर बोटांनी सांगायची. माणसं आधी कळवळली, मग हळूहळू दुसरीकडे जाऊ लागली. माणसं मासळीला नव्हती येत हो, त्या हाकेला येत होती. मीच जायचे, पिशवी पुढे करायचे, पैसे द्यायचे आणि परत यायचे. माझ्या तोंडून "माझं चुकलं" एवढे दोन शब्द काही निघेनात. काउंटरवरच्या बाईला ती सवयच नव्हती.

डिसेंबरात एका रविवारी भाविका आमच्या घरी आली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "काकी, आई घरीपण बोलत नाहीये. मी लव्ह यू म्हटलं तर तोंड फिरवते. तुम्ही तिला काय बोललात?" मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. पोरगी ऐकत राहिली, डोळे भरले, पण मला उलट बोलली नाही. ते मला जास्त लागलं. ती गेल्यावर हे म्हणाले, "जाऊन ये. आणि या वेळी हळू."

दुसऱ्याच दिवशी मी बसनं कोळीवाड्यात गेले. चंद्रावतीच्या घरासमोर एक तिशीतला माणूस जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर करून मला घर दाखवलं. तो निकेत, राघोचा भाचा, त्याच्याच होडीवरचा. चंद्रावती ओट्यावर सोडे निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "चंद्रावती, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं."

कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकला. घोगरा झालेला. "तुमी कुटं चुकला, वैनी? खरंच बोल्ला तुमी. वीस पावलांवर व्हता. ज्या तोंडानं त्याला हाक मारली न्हाय, त्या तोंडानं आता मासळी इकू? कोनाला जान बोलू?"

"अगं, डॉक्टर भाविकाला म्हणाले ना, गोळी असती तरी वाचला असता की नाही ते सांगता आलं नसतं."

"त्ये गोळीचं झालं," ती म्हणाली. "त्याला तर हेपन ठाव न्हाय की मी पळत आयली व्हती. त्याला ठाव न्हाय की मी रोज उभी रवायची. तेहेतीस वर्सं. काय बी ठाव नसताना गेला त्यो. भाविका निदान फोनवर बोलायची तरी. मी काय बोल्ली त्याला? जेव, नी डबी घे. बस."

मी तिच्या सोड्यांतले दोन-चार निवडले, तेही चुकीचे, आणि उठले.

बस स्टॉपवर उभी होते तर निकेत मागून धावत आला. धावत धावत पार माझ्यासमोर येऊन थांबला, मग बोलला. "काकी, मी सगळं ऐकलं. मी तिला एक सांगितलं न्हाय. सांगायची छातीच व्हत न्हाय."

आणि त्यानं जे सांगितलं, ते ऐकून मी समोर आलेली बस सोडून दिली.

मी म्हटलं, "हे मला कशाला सांगतोस? तिला जाऊन सांग."

"ती बोलंल, तुला दिसली नी तुला कळलं न्हाय? माझ्याच तर चुकीनं—"

"निकेत," मी म्हटलं, "एक हाक न मारल्यानं काय होतं ते बघितलंस ना? चल." आणि त्याच्या दंडाला धरून मी त्याला परत घेऊन आले. वाटेत माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. ओट्यावर पोचताच मीच धडाधड सांगून टाकलं असतं. पण जन्मात पहिल्यांदा मी तोंड मिटून बसले. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

निकेत तिच्यासमोर उकिडवा बसला. हातातला जाळ्याचा दोरा त्यानं बोटाला गुंडाळला.

"मामी," तो म्हणाला, "त्या दिवशी होडी निघाली तवा मी नांगराचा दोर आवरत व्हतो. माझं तोंड बंदराकडं व्हतं. मना तू दिसली."

चंद्रावतीचे हात थांबले.

"तू हात वर केला व्हता. मना डबी न्हाय दिसली गो. आईशपथ न्हाय दिसली. मना वाटलं, मामी हात करते. मी मामाला बोल्लो, मामी आज हात करते बघ."

"वळला?" तिनं विचारलं.

"न्हाय. वळला न्हाय. पन बोल्ला, ती रोजच उभी रवते. मी म्हटलं, तुला कसं ठाव? तर बोल्ला, मना ठाव हाय, पाठीला कळतं. मंग इचारलं, खरंच हात केला? कोनता, उजवा का डावा? मी म्हटलं, उजवा. मंग हसला. मामी, येवढा हसला! म्हनला, तेहेतीस वर्सांत पयल्यांदा. आज घरी गेल्यावर चिडवतो तिला. सगळ्या होडीला सांगत व्हता. जाळी टाकताना बी सांगत व्हता."

निकेतचा आवाज फुटला. त्यानं बाहीनं नाक पुसलं.

"मंग कळ आली. खिसा चाचपाय लागला, तवा माझ्या डोक्यात उजेड पडला, तुझ्या हातात काय व्हतं त्ये. पन मी त्याला बोल्लो न्हाय. माझ्या मांडीवर डोकं व्हतं त्याचं. बोलायला जमत व्हतं तवर त्येच बोलत व्हता, हात केला आज. मी कसं सांगू त्याला, की हात न्हाय, डबी व्हती? मी त्याला तसंच जाऊ दिलं, मामी. मना माफ कर."

मांजर सोड्यांच्या सुपाशी आलं तरी चंद्रावतीनं त्याला हाकललं नाही. मला वाटलं, आता ही निकेतवर ओरडेल, नाहीतर कपाळ बडवून घेईल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. हात पुढे करून निकेतच्या डोक्यावर ठेवला. त्याच उजव्या हातानं. मग तो हात मागे घेतला आणि मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत बसली.

"हसला?" तिनं विचारलं.

"हसला."

"सगळ्यांना सांगत व्हता?"

"सगळ्यांना."

तेव्हा कुठे तिचा चेहरा मोडला. इतके महिने न रडलेली बाई रडायला लागली आणि रडता रडता माझ्याकडे वळून म्हणाली, "वैनी, येवढ्यान खूश व्हनारा मानूस व्हता गो त्यो. मना काय ठाव? मी रोज हात केला असता."